सातासमुद्रापार जपलेला स्विंग

परदेशी स्थिरावलेल्या मराठी माणसाने तिथे काय जपले याची नोंद स्मरणिकांमधून होते, तेव्हा नाटक, भजन, गणेशोत्सव, लेझीम आणि मराठी शाळा यांना हक्काची पाने मिळतात. क्रिकेटचा उल्लेख झालाच तर तो वार्षिक सहलीतल्या करमणुकीपुरता होतो. वास्तविक चेंडू हवेत वळवण्याची कला, म्हणजे स्विंग गोलंदाजी, गाण्याइतकीच रियाजावर उभी असते. ती जाणत्याच्या नजरेखाली शिकावी लागते, बोटांत मुरावी लागते आणि सराव तुटला की हातून निसटते. ही कला परदेशात टिकते ती भव्य स्टेडियममुळे नव्हे, तर शनिवार-रविवारी पदरमोड करून खेळणाऱ्या क्लबांमुळे, आणि त्याचा लखलखीत पुरावा ६ जून २०२४ रोजी अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या एका सामन्याने दिला.

शेवगावच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. कापूस वेचून मोकळ्या झालेल्या रानात खडे-ढेकळे बाजूला सारून आखलेली खेळपट्टी, टेनिस बॉल आणि अखेरच्या षटकापर्यंत ताणलेला सामना ही तालुक्यातल्या गावोगावची ओळखीची गोष्ट आहे. मात्र टेनिस बॉलवर वेग आणि टप्पा यांची उत्तम तालीम होत असली, तरी उंचावलेली शिवण असलेला लेदर बॉल ज्या पद्धतीने हवेत वळतो ती विद्या त्यावर शिकता येत नाही. त्यासाठी क्लबच गाठावा लागतो. आपल्याच जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे १९७८ मध्ये जन्मलेला झहीर खान मुंबईला गेला, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली घडला आणि पुढे त्याने डावखुऱ्या जलदगती गोलंदाजीच्या बळावर ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी मिळवले. गावचा वेग आणि क्लबची शिस्त यांचा असा सांधा जुळतो तेव्हाच गोलंदाज घडतो.

क्लब क्रिकेट म्हणजे ज्यांचा चरितार्थ अन्य व्यवसायावर चालतो अशा हौशी खेळाडूंनी वर्गणी काढून, मैदान मिळवून, सामन्यांचे वेळापत्रक पाळून खेळलेले क्रिकेट. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत कसोटीचे रूप मुंबईच्या कांगा लीगमध्ये दिसते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळवल्या जाणाऱ्या या स्पर्धेत खेळपट्टी झाकलेली नसते, चिखलातून धावत येऊन ओल्या चेंडूवर ताबा ठेवावा लागतो आणि फलंदाजाला उसळीचा भरवसा नसतो. या मुंबईतून जो कोणी बाहेर पडतो, तो सोयींअभावी खेळ सोडत नाही, कारण गैरसोयीतच खेळायचे असते हे तो पोरवयात शिकलेला असतो.

सौरभ नेत्रावळकर हा याच मुंबईचा. १९९१ मध्ये जन्मलेला हा डावखुरा मध्यमगती गोलंदाज २०१० साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला; लोकेश राहुल, मयंक अग्रवाल आणि जयदेव उनाडकट हे त्याचे संघसहकारी होते. त्या स्पर्धेतील उपांत्यपूर्व सामना पावसामुळे २३ षटकांचा झाला, आणि ज्यात बाबर आझम होता त्या पाकिस्तानी संघाने तो तीन चेंडू व दोन गडी राखून जिंकला. पुढे नेत्रावळकरने संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली, मुंबईकडून २०१३ मध्ये एकच रणजी सामना त्याच्या वाट्याला आला आणि २०१५ मध्ये तो उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. शिक्षणानंतर सॅन फ्रान्सिस्को परिसरात ओरॅकल कंपनीत तो अभियंता म्हणून रुजू झाला. मध्यमवर्गीय मराठी घरात अशा वळणावर क्रिकेटचे किट बहुधा माळ्यावर जाते; त्याच्या बाबतीत ते गाडीच्या डिकीत गेले.

अमेरिकेतील क्लब क्रिकेटची भूमी त्या वेळी स्विंग गोलंदाजाला फारशी अनुकूल नव्हती. तिथले बहुतेक सामने सार्वजनिक उद्यानांतल्या मैदानांवर होतात आणि मधोमध सिमेंटच्या पट्टीवर मॅटिंग, म्हणजे काथ्याची किंवा कृत्रिम धाग्याची चटई, अंथरलेली असते. अशा पृष्ठभागावर चेंडूचे कातडे लवकर खरवडले जाते आणि स्विंगचे सारे गणित तर त्या कातड्याच्या चकाकीवरच बसवलेले असते. चेंडूची शिवण उभी धरून किंचित तिरकी ठेवली आणि एक बाजू घासून गुळगुळीत राखली, की दोन्ही बाजूंनी वाहणारी हवा वेगवेगळ्या ठिकाणी चेंडूपासून सुटते आणि नवा चेंडू शिवणीच्या रोखाने वळतो. डावखुरा गोलंदाज यष्टीच्या उजव्या अंगाने, म्हणजे ओव्हर द विकेट, येतो तेव्हा त्याचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर जाण्याच्या कोनातून निघतो, आणि तोच चेंडू शेवटच्या क्षणी आत वळला तर फलंदाजाची बॅट आणि पॅड यांच्यात फट पडते. हे साधण्यासाठी पहिले बोट आणि मधले बोट शिवणीच्या दोन्ही कडांना टेकलेले, अंगठा खालून शिवणीवर, चेंडू सुटेपर्यंत मनगट ताठ, एवढी साधी दिसणारी मांडणी हजारो वेळा तंतोतंत करावी लागते. यासाठी नेत्रावळकर आठवड्याची नोकरी संपवून सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसपर्यंत सुमारे सहा तास गाडी हाकत जाई, कारण तिथे टर्फ, म्हणजे माती आणि गवताच्या खऱ्या खेळपट्टीवर, सामने मिळत. असा प्रवास करणाऱ्याला हौशी म्हणायचे, तर त्या हौसेला निष्ठेचे दुसरे नाव मानावे लागेल.

अमेरिकेत क्रिकेट हे उपरे नाही, ही बाब इथे नमूद करणे अगत्याचे आहे. क्रिकेटमधला पहिला आंतरराष्ट्रीय सामना अमेरिका आणि कॅनडा यांच्यात सप्टेंबर १८४४ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला आणि कॅनडाने तो अवघ्या २३ धावांनी जिंकला. पुढे फिलाडेल्फियाच्या क्लबांतून बार्ट किंग हा गोलंदाज उदयाला आला, ज्याने बेसबॉलमध्ये चेंडू वळवण्याचे कसब क्रिकेटमध्ये आणून स्विंग गोलंदाजीचा पाया घालणाऱ्यांत स्थान मिळवले. १८९७ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ससेक्सविरुद्ध होव्ह येथे रणजितसिंहजींचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला, आणि १९०८ मध्ये ११.०१ च्या सरासरीने ८७ बळी घेऊन तो इंग्लंडमधील गोलंदाजांच्या यादीत अव्वल ठरला. म्हणजे मुंबईच्या मैदानावरून अमेरिकेत गेलेली कला एका अर्थाने आपल्या जुन्या घरीच परतली होती.

डॅलसजवळचे ग्रँड प्रेअरी स्टेडियम हे मूळचे बेसबॉलचे मैदान, आणि टी-ट्वेंटी विश्वचषकात तिथे पाकिस्तानसमोर उभा असलेला अमेरिकेचा संघ हा क्लब क्रिकेटच्या मुशीतून निघालेला. कर्णधार मोनांक पटेलने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. नेत्रावळकरने सुरुवातीलाच मोहम्मद रिझवानला स्लिपमध्ये स्टीव्हन टेलरकरवी झेलबाद केले आणि पहिल्या सहा षटकांत पाकिस्तानची अवस्था ३ बाद ३० अशी झाली. बाबर आझमच्या ४४ आणि शादाब खानच्या ४० धावांनी डाव सावरला, तरी नॉस्टुश केंजिगेने तीन बळी टिपले, आणि २० षटकांअखेर पाकिस्तानच्या ७ बाद १५९ धावा झाल्या. नेत्रावळकरच्या चार षटकांत अवघ्या १८ धावा निघाल्या व दोन गडी बाद झाले. ज्या प्रकारात षटकामागे आठ धावा सामान्य समजल्या जातात तिथे हा हिशेब किती कंजूष आहे हे जाणकाराला सांगायला नको.

पाठलागात मोनांक पटेलने ३८ चेंडूंत ५० धावा काढल्या, आंद्रिस गूसने ३५ जोडल्या, आणि अखेरच्या षटकात १५ धावा हव्या असताना गोलंदाजीला हारिस रौफ होता. पहिल्या तीन चेंडूंवर एकेक धाव निघाली, चौथ्यावर ॲरन जोन्सने षटकार मारला, पाचव्यावर पुन्हा एकच धाव झाली. शेवटच्या चेंडूवर विजयासाठी पाच आणि बरोबरीसाठी चार धावा लागत होत्या, तेव्हा नितीश कुमारने मिड-ऑफवरून चेंडू सीमेपार धाडला आणि दोन्ही संघ १५९ वर येऊन थांबले.

बरोबरी सुटावी म्हणून प्रत्येक संघाला एकेक जादा षटक दिले जाते, त्यास सुपर ओव्हर म्हणतात. मोहम्मद आमीरच्या षटकात अमेरिकेने १८ धावा केल्या, त्यांतल्या सात अवांतर होत्या. वाईड चेंडूवर यष्टिरक्षकाकडे चेंडू असतानाही फलंदाजांनी चोरट्या धावा काढल्या होत्या. सार्वजनिक मैदानावर वर्षानुवर्षे एकेका धावेसाठी भांडलेल्या माणसांनाच हे सुचते. उत्तरादाखल पाकिस्तानला १९ धावा हव्या होत्या आणि चेंडू नेत्रावळकरच्या हाती आला.

पहिला चेंडू निर्धाव गेला. दुसऱ्यावर इफ्तिखार अहमदने चौकार मारला. त्यानंतर एक वाईड पडला, पण पुढच्याच चेंडूवर इफ्तिखारचा फटका लाँग-ऑफला मिलिंद कुमारने अप्रतिम झेलला. पुन्हा एक वाईड, मग लेग बायच्या, म्हणजे बॅटऐवजी पायाला लागून गेलेल्या चेंडूच्या, चार धावा, मग दोन. आणि अखेरच्या चेंडूवर सात धावा उरल्या असताना एकच धाव निघाली. अमेरिका पाच धावांनी जिंकली. या षटकात नवलाचे असे काही नव्हते, आणि तेच त्याचे मोल: चेंडू वारंवार ऑफ-स्टंपच्या बाहेर पुढे टाकायचा, फलंदाजाला हात मोकळे करू द्यायचे नाहीत आणि वाईडची धाव खर्ची पडली तरी बेत सोडायचा नाही. दडपणाखाली बेत न सोडण्याची ही सवय प्रेक्षक नसलेल्या असंख्य सामन्यांतूनच लागते.

सहा दिवसांनी न्यूयॉर्कजवळ भारताविरुद्ध त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर यष्टिरक्षक गूसकरवी झेलबाद केले, तर रोहित शर्माचा त्याच्याच चेंडूवरील झेल मुंबईतच वाढलेल्या हरमीत सिंगने घेतला. बार्ट किंगने रणजितसिंहजींना पहिल्या चेंडूवर परतवल्याला तेव्हा १२७ वर्षे झाली होती. त्याच सामन्यात सूर्यकुमार यादवचा झेल नेत्रावळकरच्या हातून सुटला आणि सूर्यकुमारने नाबाद ५० धावा करून सामना भारताकडे नेला, हेही नोंदवले पाहिजे, कारण क्लबचा खेळाडू जसा आहे तसाच वाचकांपुढे आला पाहिजे. अमेरिकेचा संघ मात्र पुढच्या फेरीत, सुपर एटमध्ये, पोहोचला. त्या काळात नेत्रावळकर दौऱ्यावर लॅपटॉप घेऊन जात असे आणि सामन्यानंतर हॉटेलच्या खोलीत बसून कंपनीचे काम उरकत असे.

परदेशातील मराठी मंडळांनी आपल्या स्मरणिकांत अशा क्लबांची आणि त्यांच्या सामन्यांची नोंद नाटकांच्या प्रयोगांइतक्याच आस्थेने ठेवावी; आणि शेवगाव तालुक्यातून बाहेर गेलेल्या, आज कमावत्या असलेल्या मंडळींनी गावी एखादी चांगली खेळपट्टी, लेदर बॉलचा एक खोका आणि जाणता शिक्षक एवढी सोय केली, तर टेनिस बॉलवर कमावलेला इथला वेग वाया जाणार नाही.