मैफलीतील विडंबन : थट्टा नेमकी कोणाची?

‘झेंडूचीं फुलें’ (१९२५) पासून मराठीत काव्यविडंबनाचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या कलेत शब्दच नाहीत, त्या वाद्यसंगीतात विडंबन कसे संभवते? पाश्चात्त्य अभिजात संगीतातील काही उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

मोत्झार्टने १७८७ साली दोन हॉर्न व तंतुवाद्ये यांच्यासाठी ‘संगीतातील थट्टा’ ही रचना केली. तिला पुढे ‘खेड्यातील वादक’ असे नाव चिकटल्याने ही अडाणी वादकांची टिंगल आहे, असा समज रूढ झाला. तो एकांगी आहे. हॉर्नचे बेसूर स्वर वादकाच्या माथी मारता येतील. पण फ्यूगचा आव आणून अर्ध्यावर सोडलेला प्रयत्न, भलत्याच स्वरांतरांनी वर चढत जाणारी व्हायोलिनची एकल करामत आणि अखेरीस पाच निरनिराळ्या षड्जांवर जाऊन आदळणारी वाद्ये, हे दोष लिहिणाऱ्याचे आहेत. थट्टा आहे ती नियम पाठ असूनही रचनेचे मर्म न कळलेल्या संगीतकाराची.

याउलट, १९५६ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जेरार्ड हॉफ्नुंग यांनी योजलेल्या मैफलीत माल्कम आर्नल्ड यांच्या रचनेतील वाद्यवृंदात धूळ ओढणारी यंत्रे व बंदुकाही होत्या. येथील हशा मैफलीच्या गांभीर्यावर होता. तो समजण्यास डोळे पुरेसे होते. मोत्झार्टची थट्टा समजण्यास कान लागतो. त्याच मैफलीतील राइझेनस्टाइन यांच्या रचनेत पियानोवादिका ग्रीगची रचना धरून बसते, तर वाद्यवृंद चायकोव्स्कीची सुरू करतो. येथे प्रसंग आणि स्वर, दोहोंतूनही विनोद साधतो.

यावरून असे म्हणता येईल की, सांगीतिक विडंबन श्रोत्याच्या अपेक्षेवर उभे असते. ती अपेक्षा क्षीण झाली की विडंबनही निस्तेज होते. विसाव्या शतकातील विसंवादांना सरावलेल्या कानाला मोत्झार्टचा तो शेवट आता धक्का देईलच, असे नाही.

आपल्याकडे गवयाची नक्कल बहुधा त्याच्या हातवाऱ्यांची व मुखविक्षेपांची होते. तीत व्यक्ती दिसते, राग दिसत नाही. आलापीचा आव आणून रागाला पारख्या झालेल्या विस्ताराचे स्वरांतूनच विडंबन करणे अधिक कठीण. कारण त्याला हसण्यापूर्वी श्रोत्याला तो राग ठाऊक असावा लागतो. म्हणूनच असे विडंबन शास्त्राचा उपमर्द करीत नाही. उलट, ते जाणकारीची कसोटी ठरते.