कात्री आणि साक्ष

रत्नागिरीचे दीनानाथ गोपाळ तेंडुलकर रशियात गेले आणि आयझेनस्टाइनपाशी चित्रपटकला शिकले. दोन दृश्यांच्या टकरीतून तिसरा अर्थ उपजवावा, हा त्या गुरूचा मंत्र. शिष्याची कीर्ती मात्र 1951 ते 1954 या काळात निघालेल्या ‘महात्मा’च्या आठ खंडांवर उभी आहे. हा ग्रंथ म्हणजे कागदावरील अनुबोधपटच होय : भाषणे, पत्रे, छायाचित्रे कालक्रमाने येतात, लेखक मागे राहतो. भेस्तानशेजारच्या दिंडोलीवरून 1930 साली दांडीयात्रा गेली. असे प्रसंग निवेदकाच्या गजराविना वाचताना हा संयम आम्हांस मोलाचा वाटतो. परंतु येथे गांधीजींचा शब्द भरभरून येतो, प्रतिपक्षाचा तोकडा. उलटतपासणीवाचून साक्ष पुरी होत नाही. गुरूची टक्कर शिष्याने नेमकी तेथेच टाळली, असे आमचे मत आहे.