विकेंद्रीकरण आणि प्रशासकाची सत्ता : मॅस्टोडॉनच्या संदर्भात
स्वतःचा सर्व्हर उभारून कोणालाही समाजमाध्यम चालविता यावे, ही ऑयगेन रोचको यांनी २०१६ मध्ये प्रकाशात आणलेल्या मॅस्टोडॉन या मुक्त प्रणालीची भूमिका आहे. परंतु सत्ता येथे नाहीशी होत नाही; ती सर्व्हरच्या प्रशासकाकडे, बहुधा एखाद्या हौशी तंत्रज्ञाकडे, जाते. २०१९ मध्ये द्वेषमूलक लेखनासाठी कुप्रसिद्ध असलेल्या गॅबने हीच प्रणाली स्वीकारली. मुक्त परवान्यामुळे त्यास रोखणे शक्य नव्हते. म्हणून अनेक प्रशासकांनी आपापल्या सर्व्हरचा गॅबशी असलेला संबंध तोडला. तो निर्णय योग्यच होता. मात्र याच अधिकाराने एखादा निरुपद्रवी सर्व्हर तोडला गेल्यास दोन्हीकडील सदस्यांचे अनुबंध तुटतात, आणि सदस्यांना विचारण्याचे बंधन प्रशासकावर नसते. सर्व्हर बदलणाऱ्यास अनुयायी सोबत नेता येतात. लेखन मात्र जुन्याच सर्व्हरवर राहते.