विरघळण्याचे समीकरण : शालेय रसायनशास्त्रातील लेखनपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठीत मीठ पाण्यात विरघळते, साखर पाण्यात विरघळते आणि जस्तही आम्लात विरघळते. क्रियापद एकच असले तरी या तीन घटना परस्परांहून भिन्न आहेत. व्यवहारभाषेला हा भेद सांगण्याची गरज वाटत नाही. तो सांगणे हे समीकरणाचे कार्य होय. शालेय पाठ्यपुस्तकांतील समीकरणे हे कार्य कितपत पार पाडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी समीकरणे शाब्दिक रूपात दिली आहेत.

विवेचन :

१) साखर (घन) → साखर (जलीय)
२) सोडियम क्लोराइड (घन) → सोडियम आयन (जलीय) + क्लोराइड आयन (जलीय)
३) जस्त (घन) + २ हायड्रोजन आयन (जलीय) → जस्त आयन (जलीय) + हायड्रोजन (वायू)

पहिल्या घटनेत साखरेचा रेणू अखंड राहतो. दुसरीत स्फटिकात आधीपासून असलेले आयन पाण्यामुळे विलग होतात. तिसरीत मात्र इलेक्ट्रॉनांची देवघेव होऊन नवे पदार्थ तयार होतात. पहिल्या दोहोंत पाणी हे द्रावक आहे, अभिकारक नव्हे. म्हणून त्याची जागा बाणाच्या वर आहे. याउलट कळीच्या चुन्यावर पाणी टाकले असता कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. तेथे पाणी अभिकारक म्हणून डाव्या बाजूस लिहिलेच पाहिजे.

द्रावणात आयन स्वतंत्र असतात, हा विचार स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधापासून मांडला व १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'बालभारती'च्या इयत्ता नववीच्या पुस्तकात (२०१७) आयनांच्या विचरणाचा परिचय आहे. परंतु दहावीच्या पुस्तकातील (२०१८) 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' या प्रकरणात सिल्व्हर नायट्रेट व सोडियम क्लोराइड यांची अभिक्रिया संयुगांच्या पूर्ण सूत्रांनी येते. हे समीकरण चुकीचे नाही. ते संतुलित आहे. तथापि प्रत्यक्षात घडते ते एवढेच :

सिल्व्हर आयन (जलीय) + क्लोराइड आयन (जलीय) → सिल्व्हर क्लोराइड (घन)

सोडियम व नायट्रेट आयन केवळ साक्षीदार राहतात. म्हणूनच सोडियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम क्लोराइड वा हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तरी तोच पांढरा अवक्षेप मिळतो. पूर्ण सूत्रे पाठ करणारा विद्यार्थी यांना तीन वेगळ्या अभिक्रिया समजतो. मिठाच्या सूत्रास सर्रास 'रेणुसूत्र' म्हणण्याची रूढीही या गैरसमजास हातभार लावते. कारण मिठाच्या स्फटिकात स्वतंत्र रेणू नसतोच.

बेलापूर परिसरात या प्रश्नास व्यावहारिक बाजू आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांमुळे प्रवरेच्या खोऱ्यात उसाची शेती विस्तारली आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचबरोबर अतिसिंचन व अपुरा निचरा यांमुळे काही काळ्या जमिनी खारवट व चोपण झाल्या. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम आयन चिकटलेले असतात. त्यांवर जिप्समचा उपाय केला जातो. पूर्ण सूत्रांनी लिहिल्यास जिप्सम टाकताच काम संपले, असे भासते. आयनिक लेखन मात्र दोन पायऱ्या दाखविते :

१) कॅल्शियम सल्फेट (घन) ⇌ कॅल्शियम आयन (जलीय) + सल्फेट आयन (जलीय)
२) माती–२ सोडियम + कॅल्शियम आयन (जलीय) ⇌ माती–कॅल्शियम + २ सोडियम आयन (जलीय)

पहिल्या पायरीवरून पाण्याची गरज कळते. कारण एक लीटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते. दुसरीवरून सुटलेला सोडियम अद्याप शेतातच आहे, हे स्पष्ट होते. चरांवाटे तो वाहून गेला नाही, तर उपाय अपुरा राहतो. निचऱ्याची आवश्यकता अशा रीतीने समीकरणातच दिसते. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील असल्याने हा केवळ लेखनशैलीचा प्रश्न उरत नाही.

आयनिक समीकरणे शालेय स्तरावर अवघड ठरतील, असा आक्षेप संभवतो. परंतु आयनांची ओळख नववीतच होत असल्याने नवी संकल्पना आणावयाची नाही. आहे तिचा उपयोग करावयाचा आहे.

निष्कर्ष :

द्रावणातील अभिक्रियेचे पूर्ण समीकरण वस्तुमानाचा हिशेब देते, तर आयनिक समीकरण घटनेचा. दोन्ही शेजारी लिहिण्याची सवय दहावीपासून लागावी, आयनिक संयुगांबाबत 'रेणुसूत्र' ही संज्ञा टाळावी आणि 'विरघळणे' हे क्रियापद वापरताना कोणती घटना अभिप्रेत आहे, हे अध्यापकाने प्रत्येक वेळी स्पष्ट करावे. पाठ्यपुस्तक बदलेपर्यंत एवढे फळ्यावर करणे आपल्या हाती आहे.