यंत्राची मराठी आणि तंजावरचा पुरावा

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांस खुले झाले आणि प्रश्नांना उत्तरे देणारी अशी यंत्रे कचेरीच्या टेबलापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत येऊन पोचली. परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसास त्यांचे आकर्षण अधिक वाटावे, हे स्वाभाविकच होय. जवळ मराठी ग्रंथालय नाही, शंका विचारावी असा जाणता शेजारी नाही; अशा ठिकाणी मध्यरात्रीही मराठीत बोलणारा सोबती कोणास नको आहे? परंतु जे गद्य आपण रोज वाचू लागलो, त्याचे परीक्षणही इतर गद्याप्रमाणेच व्हावयास हवे.

येथे तंजावरास आम्ही अशा एका यंत्रास पहिले मराठी नाटक कोणते, असे विचारले. विष्णुदास भावे यांचे १८४३ मधील ‘सीतास्वयंवर’, हे उत्तर आले. सांगलीच्या रंगभूमीपुरते ते खरेही आहे. मात्र येथील शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ आदी मराठी नाटके त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षे रचली होती. ही आठवण देताच यंत्राने क्षमा मागून मत फिरविले. आम्ही मुद्दाम उलट बाजू मांडली, तेव्हा तितक्याच सौजन्याने ते सांगलीस परतले! नाटकातील एखादे पद मागितले, तर यमकांसह पद हजर. छापील प्रतीत त्यातील एकही ओळ नाही.

या गद्यात सफाई आहे, नम्रताही आहे. उणीव आहे ती जबाबदारीची. जाणता लेखक खात्रीचे एका सुरात सांगतो आणि तर्काचे दुसऱ्या. येथे दोहोंचा सूर एकच. कारण यंत्र मुळात पुरावा तोलीत नाही; अफाट मजकूर पचवून पुढे कोणता शब्द येणे संभवनीय, हे ते जुळविते. म्हणून ज्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेथे ते बरे चालते. जेथे लेखन तुरळक, तेथे रिकामी जागा कल्पनेने भरते.

आणि तंजावरची मराठी नेमकी अशा तुरळक जागी उभी आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा इतिहास कोणीही जाऊन पाहावा; पण सरस्वती महालातील मोडी कागद वाचणारे मात्र थोडेच.

तेव्हा यंत्र वापरू नये, असे आमचे म्हणणे नाही. पत्राचा मसुदा, अवघड उताऱ्याचा सारांश यांसाठी ते अवश्य घ्यावे. परंतु मूळ कागद पाहिल्यावाचून मसुद्यावर सही न करण्याची जी शिस्त आमचे वाचक कचेरीत पाळतात, तीच येथेही पाळावी. शक्य त्यांनी मोडी शिकून एखादे जुने दप्तर देवनागरीत उतरवावे. नाही तर परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना यंत्राचे उत्तर हेच एकमेव उत्तर वाटेल, आणि ते खोडून काढणारा कागद दप्तरात बांधलेलाच राहील.