गोधडी उसवते तेव्हा

नागपूर म्हटलं की ऊन आठवतं. पण २९ डिसेंबर २०१८ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा थंडीत इथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या भरवसा ठेवला तो गोधडीवर. आज गोधडी पुन्हा मानाने मिरवते आहे, मात्र भेटवस्तू म्हणून: बारशाला बाळाचं नाव भरलेली, साठीला नातवंडांचे फोटो छापलेली, कॉलेजच्या टी-शर्टांचे चौकोन जोडलेली. लोकांना हौस आहे, शिवणाऱ्या हातांना काम मिळतं आहे, याचा आनंदच आहे. तक्रार एकच: यांतल्या फार थोड्या गोधड्या पुढे दुरुस्त करता येतील.

आणि गोधडीची कसोटी दुरुस्तीतच लागते.

जुनी रीत अशी. अंगणात लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर धोतरं, सदरे, विरलेल्या चादरी पसरायच्या. हात फिरवून जिथे पातळ लागेल तिथे एक तुकडा जास्त. वरून दुसरं लुगडं. मग काठापासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. काही वर्षांनी वरचं कापड विरलं की ते काढायचं नाही. त्यावरच नवं चढवून पुन्हा टाके घालायचे. म्हणून जुनी गोधडी उसवली तर आजीच्या लुगड्याखाली पणजीचं लुगडं निघतं. नाव भरलेलं नसतानाही ती कोणाची, हे किनारीवरून घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

बाळंतविड्यातल्या दुपट्यातही वापरलेल्या कापडाची हीच समज आहे. तान्ह्याच्या अंगाला नवं कापड बोचतं. शंभरदा धुतलेलं सुती लुगडं बोचत नाही.

हे सुती कापड नागपूरला मुबलक होतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ला सुरू झाली. कोष्ट्यांच्या हातमागांवर नागपुरी लुगडी विणली जात. पुढे मिल बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला, घराघरांत सिंथेटिक साड्या आल्या. ही साडी घाम शोषत नाही, वापरून सुतासारखी मऊ पडत नाही, आणि टाके घालताना तिचे थर सरकतात. गोधडी मागे पडण्याचं खापर बायकांच्या आळसावर फोडणाऱ्यांनी आधी कपाट उघडून पाहावं.

टी-शर्टच्या गोधडीची अडचणही कापडाचीच आहे. होजियरी ताणते, म्हणून मागे इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावतात, आत पॉलिएस्टरचा थर भरतात. दिसायला ती देखणी असते. पण ते अस्तर सुटलं, छापलेला फोटो धुण्यात उडाला, तर घरच्या सुईने काय करायचं? दोष मशीनचा नाही. मशीनवर सुती तुकडे जोडून वरून हाताने टाके घातलेली गोधडी उत्तम टिकते.

अमेरिकेतल्या अलाबामात, जीज बेंड या वस्तीत, मिसूरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी १९४२मध्ये केली होती. आठवण जपायला त्यांना नाव किंवा चित्र लागलं नाही. मळके, विटलेले कपडे पुरले. २००२मध्ये त्या वस्तीतल्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि समीक्षकांनी त्यांच्याकडे आधुनिक चित्रकलेच्या बरोबरीने पाहिलं. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, ते प्रसिद्ध केलं क्विल्टमॅनिया या फ्रेंच प्रकाशनाने. मराठी कलासमीक्षा मात्र अजून गोधडीला आजीच्या मायेपलीकडे नेत नाही. माया खरीच; पण रंगांची निवड, टाक्यांची लय, ठिगळाची जागा हे कलेचेच निर्णय आहेत, आणि त्यांबद्दल बोलायला हवं.

नागपुरात याची सुरुवात करता येण्याजोगी आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. तिथे विक्रीच्या दुकानांशेजारी दुरुस्तीची एक बैठक असावी: लोकांनी घरची उसवलेली गोधडी आणावी, जाणत्या बाईने ठिगळ कुठे आणि कसं लावायचं ते दाखवावं. गोधडी भेट देणाऱ्यांनी सोबत त्याच कापडाचा वीतभर तुकडा आणि दोऱ्याची गुंडी द्यावी. आणि जुनी गोधडी नीट करून देणाऱ्या बाईला नवी शिवणारीइतकीच मजुरी मिळावी, कारण विरलेल्या कापडात टाका धरून ठेवणं जास्त कौशल्याचं आणि जास्त वेळाचं काम आहे.