खरूज आणि साबणाचा धडा

खरूज हा अस्वच्छतेचा रोग आहे, रोज साबण लावून अंघोळ केली की तो होत नाही, असे आरोग्याच्या तासाला आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. हे स्पष्टीकरण नुसते अपुरे असते तर आम्ही ते सोडून दिले असते. पण त्यामुळे उपचारच चुकतो.

खरजेचे कारण आहे सार्कोप्टिस स्केबिआय हा कोळ्यांच्या गोतातला, अर्धा मिलिमीटरही लांब नसलेला आठपायी जीव. बोनोमो व चेस्तोनी या इटालियन अभ्यासकांनी १६८७ मध्येच त्याचे वर्णन केले होते. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालते. साबण तिथे पोचत नाही. साध्या खरजेत अंगावर असे किडे बहुधा दहा-पंधराच असतात! खाज सुटते ती त्यांच्याविरुद्ध शरीरात उठणाऱ्या प्रतिक्रियेमुळे, आणि पहिल्या लागणीत ती उठायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे मूल वर्गात खाजवू लागते तेव्हा घरात आणखी कोणाला लागण झालेली असू शकते, आणि ती माणसे अजून खाजवतही नसतात.

केनेथ मेलनबी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्डमध्ये स्वयंसेवकांवर प्रयोग केले. रुग्णांचे कपडे व पांघरुणे वापरून लागण क्वचितच झाली; अंगाला अंग लागून मात्र झाली. घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारांवर एका खोलीत सहा-सात जण शेजारी शेजारी झोपतात, तिथे दोष जागेच्या टंचाईचा. मुलाला ‘घाणेरडा’ म्हणून वेगळ्या बाकावर बसवले, तर पुढच्या वेळी ते खाज लपवील एवढेच.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या, घरात आणखी कोणी खाजवणारे: एवढ्यावरून शिक्षकाला शंका यायला हवी. मग एकट्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवून भागत नाही. ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नुसत्या पुटकुळ्यांवर नव्हे, आठ ते चौदा तास ठेवायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे. हे घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी करायचे. तान्ही बाळे व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी डॉक्टरांना विचारावे. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने खाज दबते, किडा मात्र जगतो, आणि रोग ओळखणे अधिकच अवघड होते.

औषध लागू पडल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. हे पालकांना आधीच सांगावे, नाहीतर ते तेच मलम रोज चोपडत राहतात.